पॉइंट कुकचा राज्याभिषेक आणि प्रतापच्या खुर्च्या

मेलबर्नच्या पश्चिमेकडचे सगळे कम्युनिटी हॉल प्रताप उपळेकरला तोंडपाठ होते. कुठल्या हॉलचं मागचं दार ढकलताना जरा उचलून धरावं लागतं, कुठला माइक उजव्या हातात घेतला की किंचाळतो, कुठल्या स्वयंपाकघरात दोन इलेक्ट्रिक किटल्या एकदम लावल्या की अख्ख्या इमारतीचे दिवे जातात, हे त्याला विचारावं. खुर्च्या हा तर त्याचा खास विषय. एकावर एक सहाच रचायच्या, सातवी ठेवली की थप्पी कलते. पाठी भिंतीकडे. उचलताना कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. हे तो प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांना सांगायचा, कुणी नीट ऐकत नाही असं पाहायचा, आणि मग "नको, राहू दे, मी करतो" म्हणून दीडशेच्या दीडशे खुर्च्या एकटा उचलायचा.

ही आवड जुनी. कोथरूडच्या त्याच्या गल्लीत गणपतीच्या कार्यक्रमांना माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून ती धरून उभं राहायचं काम त्याला अकराव्या वर्षी मिळालं. पुढे तो इंजिनिअर झाला, स्किल्ड व्हिसावर ऑस्ट्रेलियात आला, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागला, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका काढण्याबद्दल पगार घेऊ लागला. पण मनाने तो अजून ती वायर धरूनच उभा होता. खाडीकाठ मराठी मंडळाचा तो चौदा वर्षं सेक्रेटरी होता. त्या चौदा वर्षांत अध्यक्ष सात झाले. त्यातल्या निम्म्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, आणि प्रतापला विचाराल तर तो म्हणेल, आठवायचं कारणही नाही.

आणि मग मार्चच्या वार्षिक सभेत त्याला पाडलं. मतदान झालं त्रेचाळीस, प्रतापला पडली सहा. त्यातलं एक त्याचं, एक त्याच्या बायकोचं, म्हणजे लीनाचं. निवडून आला एकतीस वर्षांचा नचिकेत, ज्याला हॉलचं मागचं दार उचलून धरावं लागतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पाडल्यावर लगेच त्याचा सत्कार झाला. मराठी माणूस कुणाला काढतो तेव्हा शाल पांघरून काढतो. शाल, श्रीफळ आणि लालचुटुक पुणेरी पगडी. सात जण बोलले. कुणी आधारस्तंभ म्हणालं, कुणी चालतंबोलतं विद्यापीठ म्हणालं, एकाने तर "प्रतापरावांशिवाय मंडळाची कल्पनाच करवत नाही" असं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, आणि त्यानेच नचिकेतचं नाव सुचवलं होतं.

घरी जाताना गाडी लीना चालवत होती. प्रताप मांडीवर नारळ धरून बसला होता.

"मी एवढा चांगला आहे, तर मग काढलं का?" त्याने विचारलं.

"राउंडअबाउट आहे, बघू दे मला," लीना म्हणाली.

राउंडअबाउट संपला, त्यापुढचे दोनही संपले, पण उत्तर आलं नाही. तिला ते माहीत होतं. सदतीसही जणांना माहीत होतं. एकट्या प्रतापला माहीत नव्हतं, आणि ते त्याला आतून कुरतडत होतं. शाल, नारळ आणि पगडी त्याने गॅरेजमधल्या फ्रिजवर एका खोक्यात ठेवून दिली, आणि येता-जाता त्या खोक्याकडे न बघण्याची सवय लावून घेतली.

शनिवार-रविवार रिकामे झाल्यावर माणूस काय करणार? प्रताप राहायचा त्या पॉइंट कुकला खाडीवरून जो वारा सुटतो त्यात कचऱ्याचे बिन आडवे होतात. प्रताप गल्लीतले सगळ्यांचे बिन उभे करू लागला. नुसते उभे नाही. झाकणं एका दिशेला, मध्ये हातभर अंतर.

शेजारी मेहलुली खुमालो राहायचा. हा झिंबाब्वेमधल्या बुलावायोचा, जातीने... म्हणजे आपण सवयीने असंच विचारतो... तर न्देबेले लोकांतला. सहा फूट दोन इंच उंची आणि आवाज मात्र बाळाला झोपवताना काढतात तसा. हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होता. नऊ वर्षांच्या शेजारात शिडी, कोथिंबीर आणि एकमेकांची पार्सलं इतकी देवाणघेवाण झाली होती. एका मंगळवारी दुपारी प्रताप त्याचाच बिन सरळ करत असताना मेहलुली बाहेर आला आणि संकोचून उभा राहिला.

"प्रताप, मेट, एक विचारू? मला हॉल बुक करायचाय."

प्रतापची पाठ सरळ झाली. दोन महिन्यांत प्रथमच कुणीतरी त्याला त्याच्या विषयातला प्रश्न विचारला होता.

"किती माणसं?"

"शंभरेक."

"ऑकेजन?"

मेहलुलीने बिनच्या झाकणाकडे बघितलं. "They want to make me king."

"व्हेज किती?" प्रतापने विचारलं.

मग सगळी हकिगत निघाली. न्देबेलेंचं राज्य इंग्रजांनी घेतल्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. शेवटचा राजा निसटला तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. त्यानंतर गादी रिकामी. अलीकडे तिकडच्या लोकांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं, तर दावेदार निघाले अनेक. कुणी म्हणतं थोरली पाती आमची, कुणी म्हणतं खरी पाती आमची. सरकार म्हणतं राजा ही भानगडच नको, आणि प्रकरण कोर्टात. खुमालो हे राजघराण्याचं आडनाव, आणि जोहान्सबर्ग, लीड्स, पर्थ अशा ठिकाणी पांगलेल्या काही म्हाताऱ्यांनी वंशावळी तपासून असं ठरवलं होतं की मेहलुलीचे पणजोबा म्हणजेच थोरली पाती. तिकडे अभिषेक करायला मनाई, तर इकडे करू, असा त्यांचा विचार. गादी नाही तर नाही, निदान माथ्यावर राजाचा मण्यांचा पट्टा तरी चढू दे.

"तिकडे तीन-चार जण आधीच आहेत," मेहलुली म्हणाला. "माझी खासियत एवढीच की मला अॅन्युअल लीव्ह शिल्लक आहे."

"पण राजा म्हणून तुला करायचं काय?"

"Mostly funerals," मेहलुली म्हणाला. मग हळू आवाजात, "आणि माझी आत्या. ती अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने हे बघायचं म्हणून आयुष्यभर वाट पाहिलीय."

त्यांच्यात वडिलांच्या बहिणीचा शब्द शेवटचा. आपल्याकडे आत्या बाळाचं नाव ठेवते, त्यांच्याकडे माथ्यावर पट्टा बांधते. हे प्रतापला लगेच पटलं. त्याने त्याच संध्याकाळी एक्सेलची फाइल उघडली.

कौन्सिलच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कार्यक्रमाच्या प्रकारात वाढदिवस होता, बारसं होतं, लग्नाचं रिसेप्शन होतं, झुंबा होता, राज्याभिषेक नव्हता. प्रतापने 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं, 'राजा बसवणे (घरगुती)'. दुसऱ्या दिवशी कौन्सिलमधून एका बाईंचा फोन आला.

"Will there be a jumping castle?" म्हणजे मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला असेल का.

"No castle," प्रताप म्हणाला. "Only king."

"No worries. Any live animals?"

इथे प्रतापने एक्सेलच्या फाइलकडे बघितलं, कारण जोहान्सबर्गच्या म्हाताऱ्यांच्या यादीत पहिल्याच ओळीत काळा बैल होता. त्याने 'निल' असं सांगून टाकलं आणि मग चार दिवस त्या म्हाताऱ्यांशी व्हिडिओ कॉलवर वाटाघाटी केल्या. एका सत्यनारायणाच्या धुराने या हॉलमध्ये अग्निशमन दलाचे दोन बंब आणले होते, तिथे अख्खा बैल काय करील याचं त्याने असं वर्णन केलं की शेवटी म्हातारे वेरिबीच्या खाटकाकडून आणलेल्या मटणावर आणि मागच्या अंगणातल्या गॅसच्या बार्बेक्यूवर राजी झाले. लीना नचिकेतला सांगायला गेली की मंडळाचे स्पीकर लागतील, तर प्रताप म्हणाला, "नको, मी बोलतो." खुमालोंच्या दोन भाच्या हॉल सजवायला तयार होत्या, त्यांना तो म्हणाला, "नको, मी करतो." मिताली, त्याची मुलगी, युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. ती म्हणाली, "Baba, you know it's their thing, right?"

"अगं, मी कुठे राजा व्हायला निघालोय? मी फक्त मॅनेज करतोय."

आत्या आली गुरुवारी. तिचं नाव थोकोझिले. सगळे तिला थोको आत्या म्हणायला लागले, कारण लीनाने पहिल्याच दिवशी म्हटलं. काठीसारखी ताठ बाई. येताना तिने घराण्यातलं बिबट्याचं कातडं आणलं होतं आणि एअरपोर्टवर प्रामाणिकपणे डिक्लेअर केलं होतं. ऑस्ट्रेलियात सफरचंद आत येत नाही, बिबट्या कुठून येणार? ते तिथेच राहिलं. मग लीनाने स्वस्तातल्या दुकानातून ठिपक्याठिपक्यांचं फ्लीसचं पांघरूण आणलं आणि कडा दुमडून शिवून दिलं. आत्याने ते हातात घेऊन, चोळून, नाकाला लावून पाहिलं.

"बिबट्या पॉलिएस्टर आहे," ती म्हणाली. "आत्या ओरिजिनल आहे. चालेल."

पट्टा मात्र तिने हँडबॅगेत, रुमालात गुंडाळून आणला होता. मण्यांचा, बोटभर रुंद, तिच्या आजीच्या हातचा. तिने सगळ्यांना समोर बसवून बजावलं की त्या दिवशी सकाळपासून मेहलुलीचं डोकं उघडं राहील, आणि ती पट्टा बांधेपर्यंत उघडंच राहील. प्रतापने मान डोलावली आणि एक्सेलमध्ये चौदाव्या ओळीत लिहिलं, 'राजा: टोपी नको (फोटोसाठी)'. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाने केलेली ही नोंद.

शनिवार उजाडला. हॉल दहा ते चार. साडेदहाला शंभर खुर्च्या ओळीत लागल्या होत्या आणि प्रतापचा शर्ट पाठीला चिकटला होता, कारण त्या त्याने एकट्याने लावल्या होत्या. नचिकेत स्पीकर घेऊन आला होता. "काका, मी काही करू?" त्याने दोनदा विचारलं. "नको, तू बस," प्रतापने दोनदा सांगितलं. शेवटी तो मागच्या दाराशी उभा राहून फोन बघू लागला. दार बंद करायला गेला तर ते अडकलं. प्रतापने समाधानाने जाऊन ते उचलून लावलं.

मंचावर एका खुर्चीवर मेहलुली बसला. उघडं डोकं, खांद्यावर ठिपक्यांचं फ्लीस, पायात कामावरचे मऊ बूट, कारण दुसरे त्याला चावत. भिंतीवरच्या पडद्यावर जोहान्सबर्गचे आणि लीड्सचे म्हातारे चौकोनाचौकोनांत बसले होते. सगळं जय्यत. नव्हते फक्त मोयो आजोबा.

हे मोयो आजोबा म्हणजे राजाचं कवन गाणारे. पर्थला मुलाकडे राहायचे, बुलावायोला भूगोलाचे मास्तर होते, वय ऐंशी. त्यांच्या कवनाशिवाय आत्या आत यायची नाही, आणि आत्या आत आल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही. आणि पर्थचं विमान लेट होतं. आत्या बायकांना घेऊन बाहेर वाऱ्यात उभी होती. अकरा वाजले, साडेअकरा झाले. लोक फोन काढून बसले. पडद्यावर लीड्सचा एक म्हातारा डुलक्या घेऊ लागला.

समोर शंभर माणसं, हातात माइक आणि कार्यक्रमात खड्डा, हे तीन योग जुळून आले की प्रताप स्वतःचा राहत नसे. चौदा वर्षांत पाहुणे उशिरा आले नाहीत असा कार्यक्रम झाला नव्हता, आणि अशा वेळी काय करायचं हे ठरलेलं होतं: सत्कार. तो धावत गाडीकडे गेला. फ्रिजवरचं ते खोकं त्याने सकाळीच, लागलं तर असावं म्हणून, डिकीत टाकलं होतं. खरं सांगायचं तर स्वतःच्या हाकलपट्टीच्या वस्तू कुणाच्यातरी आनंदाला लागाव्यात, असंही त्याच्या मनात होतं. वाईट माणूस नव्हताच तो.

"Ladies and gentlemen," तो माइकवर म्हणाला, "on behalf of all the neighbours..."

लीना तिसऱ्या ओळीतून खुणा करत होती. प्रतापला त्या टाळ्यांच्या वाटल्या. त्याने पॉलिएस्टरच्या बिबट्यावर शाल पांघरली. मेहलुलीच्या हातात नारळ दिला. मेहलुली पेशंटला सुई टोचताना करतो तसा धीराचा चेहरा करून बसला होता. आणि मग प्रतापने दोन्ही हातांनी, चौदा वर्षांच्या सफाईने, ती लालचुटुक पुणेरी पगडी उचलली आणि न्देबेले राजाच्या उघड्या माथ्यावर ठेवली. बसलीही झकास.

हॉल गप्प झाला.  पडद्यावरचा लीड्सचा म्हातारा त्या शांततेने जागा झाला, डोळे उघडून बघतो तर सिंहासन, वस्त्रं आणि माथ्यावर काहीतरी. तो ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "बायेते!"

ही राजाला द्यायची सलामी. फक्त राजाला. एकदा ऐकली की अंगात भिनलेल्या माणसाला थांबता येत नाही. अर्धा हॉल उभा राहिला आणि गरजला, "बायेते!" उरलेला अर्धा हॉल त्या अर्ध्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला.

बाहेर वाऱ्यात उभ्या असलेल्या आत्याने ती सलामी ऐकली. पुढचं दार उघडून ती आत आली. मंचावर तिचा भाचा लाल पगडी घालून, हातात नारळ धरून राजा झाला होता, आणि तिचा पट्टा अजून तिच्या रुमालात होता.

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाशी काय बोललं ते नीट सांगता येणार नाही. जोहान्सबर्ग म्हणत होतं, झालेला अभिषेक परत होत नसतो. लीड्स म्हणत होतं, परक्याने केला तो धरायचा नाही. फोटो तोवर तीन खंडांत पोचला होता आणि बुलावायोतल्या दुसऱ्या एका दावेदाराच्या माणसांनी त्याखाली लिहिलं होतं, 'ह्यांना टोपी घालायला घरचं माणूस मिळालं नाही.' आत्या प्रतापसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या आजीने हा पट्टा लपवून ठेवला," ती इंग्रजीत, अगदी हळू म्हणाली. "माझ्या आईने लपवला. मी तीन विमानं बदलून आणला. तुला दहा मिनिटं थांबता आलं नाही?"

प्रताप स्वयंपाकघरात गेला आणि किटलीजवळ उभा राहिला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. ज्या मित्राने विश्वासाने त्याच्याकडे हॉल मागितला, त्याच्या घराण्याच्या सव्वाशे वर्षांवर त्याने पगडी ठेवली होती. लीना मागून आली.

"त्यांनी मला का काढलं, लीना? आता तरी सांग. असंच काहीतरी असणार ना?"

लीनाने तोंड उघडलं. सव्वीस वर्षांच्या संसारात जे बोलली नाही ते ओठांवर आलं, आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला. मोयो आजोबा पोचले होते.

लहानखुरा म्हातारा, कोट, केबिन बॅग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पगडीकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा माणूस कोण? मला त्याच्याबद्दल सांगा." मग ते मेहलुलीशी बोलले, मागच्या दाराशी नचिकेतशी बोलले, लीनाला बाजूला घेऊन तिच्याशीही बोलले. मास्तर पालकसभेत बोलतात तसे, मान हलवत. शेवटी मंचावर जाऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी पगडी उतरवली, खाली येऊन प्रतापच्या हातात दिली आणि म्हणाले, "हिला मांडीवर घेऊन पहिल्या ओळीत बस. मला दिसशील असा."

प्रताप बसला. शेजारच्या खुर्चीवर आत्या येऊन बसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"आता काय होणार?" त्याने भीत भीत विचारलं.

"मोयो म्हणतो, झालेलं पुसायचं नाही, कवनात घ्यायचं. कवनात आलं की त्यावर भांडण उरत नाही."

आणि मोयो आजोबांनी सुरुवात केली. त्या एवढ्याशा छातीतून तो आवाज कसा निघाला देव जाणे. माइकची गरज नव्हती आणि वायर धरायचीही नव्हती. शब्द धबाधबा येत होते. प्रतापला एक अक्षर कळत नव्हतं. थोड्या वेळाने आत्या, समोर बघतच, ओळीओळीचं इंग्रजी त्याच्या कानात सांगू लागली. राग होता, पण पाहुण्याला अंधारात ठेवायची तिची रीत नव्हती.

पहिले राजे आले, त्यांची युद्धं, त्यांची गुरं. मग त्यांच्या चुका आल्या. कुणी चुकीच्या माणसावर विश्वास ठेवला, कुणी न वाचता कागदावर खूण केली. प्रताप चमकला.

"हे स्तुतीत?"

"चुका नसलेली स्तुती म्हणजे जाहिरात," आत्या म्हणाली. "माणसाचं ज्याला खरोखर काही वाटतं, तो दोन्ही सांगतो. ऐक."

आता मेहलुलीची पाळी. लोकांचं रक्त धुऊन परत देणारा. पॉलिएस्टरच्या बिबट्याचा राजा. तलवारीला न भिणारा, आत्याला भिणारा. हॉल हसला, मेहलुलीही हसला, आणि प्रतापने पहिल्यांदाच त्याला राजासारखं बसलेलं पाहिलं.  मोयो आजोबा सरळ प्रतापकडे बघत होते.

"आता तू आहेस," आत्या म्हणाली. "ज्याच्या माथ्यावर पूर्वेच्या माणसाने घाईघाईने लाल टोपी ठेवली. तो माणूस जो वाऱ्यात पडलेले सगळ्यांचे बिन उभे करतो, त्याला कुणी सांगितलं नाही तरी. ज्याने राजासाठी बंद दारं उघडली, कारण ती कुठे उचलायची ते त्यालाच ठाऊक होतं."

 सात भाषणांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

"सगळ्या खुर्च्या तो एकटा उचलतो," आत्या सांगत होती, आणि तिचा आवाज आता मऊ झाला होता, "आणि मग विचारतो, माझ्या शेजारी कुणी का बसत नाही."

मोयो आजोबा पुढच्या ओळीकडे गेले. प्रताप मागेच राहिला. त्याने मान वळवली. तिसऱ्या ओळीत, शेजारच्या भाचीकडून अर्थ ऐकत, लीना रडत होती आणि हसत होती. मागच्या दाराशी नचिकेत जमिनीकडे बघत होता. सदतीस मतांचा हिशेब एका ओळीत लागला होता, आणि आश्चर्य म्हणजे त्याला राग आला नाही. हलकं वाटलं. चौदा वर्षं पाठीवर असलेलं काहीतरी कुणीतरी गुडघ्यात वाकून, नीट, उतरवून घेतल्यासारखं.

आत्या उठली. मंचावर गेली, रुमाल सोडला आणि मेहलुलीच्या उघड्या माथ्यावर आजीच्या हातचा पट्टा बांधला. या वेळी हॉल एकदमच उभा राहिला. "बायेते!" लीड्सचा म्हातारा आधी इकडेतिकडे बघून, खात्री करून मग ओरडला.

जेवणं झाली. साडेतीन वाजले. मितालीने प्रतापच्या हातात ताट दिलं आणि म्हणाली, "Sit, Baba." तो बसला. नचिकेत, लीना आणि खुमालोंच्या दोन्ही भाच्या खुर्च्या रचत होते. पाठी भिंतीकडे नव्हत्या. कमरेत वाकून उचलत होते सगळे. एका थप्पीत सहा झाल्या आणि नचिकेतने सातवी उचलली.

प्रतापचं ताट हललं. तो अर्धा उठला. शेजारी बसलेल्या आत्याने, तोंडातला घास न थांबवता, त्याच्या मनगटावर हात ठेवला. तो खाली बसला. सातवी चढली. थप्पी कलली, थोडा वेळ विचारात पडल्यासारखी राहिली, आणि तशीच उभी राहिली.

आत्या हात धुवायला उठून गेली, तेव्हा तिची खुर्चीही भाच्यांनी उचलून नेली. प्रताप एकटाच हॉलच्या मधोमध ताट घेऊन, मांडीवर पगडी ठेवून बसला होता. नचिकेतने त्याच्याकडे बघितलं. मग वळून त्याने थप्पीवरची ती सातवी खुर्ची उतरवली, हॉलभर फरफटत आणली (उचलून आणायची असते) आणि प्रतापच्या शेजारी ठेवली.

"काका, इथे कुणी बसतंय?"

"नाही," प्रताप म्हणाला. "बस ना. आणि ते मागचं दार आहे ना... तूच लावशील आज? जरा उचलून धरावं लागतं, एवढंच."